घर तिथे स्टुडिओ: दायमाबादच्या कुंभारापासून सारोळ्याच्या आजीपर्यंत

नगर जिल्ह्यात घरी बसून कला करणाऱ्या माणसाचा माग काढत गेलं, तर आपण थेट श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर येऊन थांबतो. गावाचं नाव दायमाबाद. आज ओसाड पडलेलं हे गाव तीन हजार वर्षांपूर्वी चांगलं नांदतं होतं. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा जोर्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळातली पंचवीस घरं उजेडात आली. घरात जे सापडलं त्यावरून त्यांना नावं पडली. हे कुंभाराचं, ते मणी घडवणाऱ्याचं, पलीकडचं चुना करणाऱ्याचं, आणि एक व्यापाऱ्याचंही. राहायचं तिथेच, घडवायचं तिथेच.

म्हणून कुणी हॉलच्या कोपऱ्यात ईझल मांडून ‘होम स्टुडिओ केलाय’ असं सांगितलं, की मला मनापासून आनंद होतो. ही टूम बाहेरून आलेली नाही. या जिल्ह्याला घरातल्या कारखान्याची जुनी सवय आहे. मोबाइलमुळे बदललं ते एवढंच, की माल बघायला येणाऱ्यांना आता ओसरीपर्यंत चालत यावं लागत नाही.

संगमनेरचं गाव, महाराष्ट्रभर नाव

संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे तसं छोटं गाव. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे खोदकाम केलं आणि एका वेगळ्याच धाटणीची मातीची भांडी हाती लागली. तेव्हापासून महाराष्ट्रात कुठेही तशी भांडी निघाली, की अभ्यासक त्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणतात. गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं.

संग्रहालयात असं भांडं दिसलं तर दोन मिनिटं थांबून नीट बघा. चाकावर घडवलेलं, पातळ अंगाचं, भट्टीत इतकं छान भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज यावा. रंग लाल, पण चकाकी नाही. त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळ्या, चौकटी. कुशीतून बाहेर आलेली लांब नळीची तोटी हा तर जोर्वेचा शिक्काच. तोटी वेगळी करून मडक्याला जोडायची म्हणजे दोन्हींचा ओलावा सारखा हवा, नाहीतर भाजताना सांध्याला तडा जातो. सिरॅमिकच्या वर्गात आजही नवशिक्यांची तोटी तिथेच निखळते.

झुडूप उपटलं, हत्ती निघाला

याच दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल हा शेतकरी झुडपाचं खोड खणून काढत होता. मुळाखाली निघाल्या चार धातूच्या मूर्ती: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर! रथ ४५ सेंटीमीटर लांब, दोन बैल जुंपलेले, हाकणारा १६ सेंटीमीटर उंचीचा. आणि माझा सर्वांत आवडता तपशील म्हणजे रथाच्या दांड्यावर उभा असलेला छोटासा कुत्रा. घडवणाऱ्याला त्याची काही गरज नव्हती. रथ, बैल, सारथी एवढ्यावर काम पूर्ण झालं असतं. तरी कुणीतरी तो कुत्रा तिथे उभा केला.

या मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. साळींसारखे अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळात नेतात, तर धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून काही जण त्यांना अलीकडे ओढतात. कुत्र्याला त्याचं काही सोयरसुतक नाही.

उत्तरेची खिडकी नगरला अडीच महिने दगा देते

स्टुडिओ कसा मांडावा यावरच्या पुस्तकात पहिला नियम असतो: खिडकी उत्तरेला हवी. कारण सरळ आहे. युरोपात दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे असतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं आत येत नाही, येतो तो आकाशाचा मऊ, सारखा उजेड. सकाळी लावलेला रंग दुपारी वेगळा दिसत नाही.

पण नगर आहे १९ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्याला सूर्य इथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! म्हणजे वर्षातले साधारण अडीच महिने नगरच्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन घुसतं. जून-जुलैत ढग असतात म्हणून ते बऱ्याचदा लक्षात येत नाही. मेच्या उत्तरार्धात मात्र चांगलंच जाणवतं. उपाय स्वस्त आहे. जुन्या पांढऱ्या धोतराचं पान खिडकीला बांधा. ऊन गाळलं जातं, उजेड राहतो. रंगीत पडदा नको, कारण पडद्याचा रंग कागदावर उतरतो आणि चित्र पूर्ण झाल्यावर बाहेर नेलं की सगळं पिवळट किंवा निळसर वाटतं.

काळी माती का तडकते

घरी मातीकाम सुरू करणारे नगरकर हमखास शेतातली काळी माती आणून बघतात. वस्तू वाळली की तिला भेगा पडतात आणि मन खट्टू होतं. यात हाताचा दोष नसतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतात ती हा आक्रस आवरायला. लीदेतला काडीकचरा भट्टीत जळून जातो आणि मागे बारीक छिद्रं राहतात, त्यातून वाफेला वाट मिळते. गणपतीसाठी लागणारी शाडू प्रामुख्याने गुजरातेत भावनगरकडून येते. ती गुळगुळीत असते, बोटांचं ऐकते, पण भाजत नाहीत, नुसती वाळवतात.

नगरच्या एप्रिलात आणखी एक पथ्य. हवा इतकी कोरडी की काम अर्ध्यावर सोडून जेवायला उठलात तरी वरचा थर वाळून आतला ओला राहतो. ओलं फडकं टाकून उठायचं. चहाला उठलात तरी.

जवसाची चटणी आणि जवसाची आग

भाकरीबरोबर आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याच जवसाच्या तेलात तैलरंग घोटलेले असतात. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. म्हणून ॲक्रिलिक दहा-पंधरा मिनिटांत वाळतं आणि तैलचित्राला वरचं वॉर्निश चढवण्याआधी सहा महिने, जाड थर असेल तर वर्षभर थांबा असं सांगतात.

आता खरी गंमत, आणि ती जपून ऐकण्यासारखी. ऑक्सिजन घेताना तेल थोडी उष्णता सोडतं. कॅनव्हासवर पातळ थर असल्यामुळे ती हवेत निघून जाते. पण त्याच तेलानं भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात कोंबली, तर उष्णता आतच साठते आणि काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. स्टुडिओ घरात असेल, शेजारी मुलं झोपत असतील, तर हा एक नियम पाळाच. फडकी मोकळ्या जागी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पुसून टाकलेली राणी

नगरच्या निजामशाहीत एक सचित्र पोथी तयार झाली, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. कवी आफताबी, विषय हुसेन निजामशहा आणि १५६५ ची तालिकोटची लढाई. दख्खनी चित्रकलेचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. मुळातल्या चौदा चित्रांपैकी बारा उरली आहेत आणि पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

हुसेनशहाची राणी खुंजा हुमायूँ या चित्रांमध्ये राजाच्या शेजारी, अगदी लगटून बसलेली होती. पुढे कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती रंग फासून मिटवली. हुसेनशहाच्या मागे मुलगा लहान असताना राज्यकारभार तिच्या हाती होता, नंतर त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. चित्रातही ती खपली नाही. पण रंगाचा थर असा सहजी हार मानत नाही. कागद नीट पाहिला की तिच्या जागी पडलेला डाग दिसतो, आणि बघणाऱ्याची नजर राजाला सोडून आधी त्या डागावरच जाते.

जिल्ह्याला जिचं नाव, तिचं मागाशी नातं

अहिल्यानगर हे जिल्ह्याचं आजचं नाव ज्यांच्यावरून, त्या अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. त्यांनी राजधानी महेश्वरला नेली तेव्हा बाहेरून विणकर आणून तिथे वसवले. महेश्वरी साडी तिथली. नर्मदेच्या घाटावरच्या दगडी नक्षीतली वेलबुट्टी साडीच्या काठात उतरली. घराघरातले माग आजही तिथे खटखटतात.

वाटाण्याचा टाइमलॅप्स, १९१२

रोप उगवताना दाखवणारे व्हिडिओ आता मोबाइलवर पावलोपावली दिसतात. दादासाहेब फाळक्यांनी ते शंभरावर वर्षांपूर्वी करून दाखवलं, तेही घरात बसून. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडीथोडी फिल्म उघडत महिनाभर धीर धरला. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वेल चढली. फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. ही काही करमणुकीसाठी केलेली गोष्ट नव्हती. सिनेमा काढायला पैसे हवे होते आणि पैसेवाल्यांना हा माणूस नेमकं काय करू म्हणतोय ते डोळ्यांनी दाखवायचं होतं. काम पुरं होण्याआधी त्याचा छोटासा तुकडा लोकांपुढे ठेवायचा, विश्वास मिळवायचा, मग मोठ्या कामाला हात घालायचा. आजचे कलाकार ‘काम चालू आहे’ म्हणून अर्धवट चित्राचा व्हिडिओ टाकतात त्यामागचा हिशेब वेगळा नाही.

पुढे दादरच्या बंगल्याच्या आवारात काचेची खोली उभी राहिली, शेजारी अंधारी खोली झाली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. या स्टुडिओचा अर्धा भार सरस्वतीबाईंच्या डोक्यावर होता. कच्ची फिल्म त्या वेळी भोकं न पाडलेली यायची. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, उन्हात पांढऱ्या चादरी ताणून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, आणि रात्री सगळे निजल्यावर अंधारात फिल्मच्या कडांना एकेक भोक पाडत बसायचं. ते भोक एवढं एवढंसं जरी सरकलं तरी पडद्यावर चित्र थरथरणार. फिल्म धुण्याची रसायनंही त्यांनी शिकून घेतली. भारतीय सिनेमाचा पहिला तंत्रज्ञ कोण, असं कुणी विचारलं तर मी त्यांचं नाव सांगेन.

कारल्याची भाजी आणि लाखो पाहुणे

नगर शहरापासून पंधराएक किलोमीटरवर सारोळा कासार आहे. तिथल्या सुमन धामणे यांनी वयाच्या सत्तरीत घरच्या स्वयंपाकघराचा स्टुडिओ केला. शाळेत गेलेल्या नव्हत्या. इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. २०२० च्या सुरुवातीला नातू यशनं पावभाजी करायला सांगितली आणि करून दाखवायला मोबाइलवरचे दोन-चार व्हिडिओ समोर धरले. आजींनी ते बघितले आणि म्हणाल्या, याच्यापेक्षा चांगली मी करते. घरच्यांनी बोटं चाटली. नातवाच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला.

चॅनेलचं नाव ‘आपली आजी’. कॅमेऱ्यासमोर आजी आधी संकोचायच्या. ‘सॉस’, ‘बेकिंग पावडर’ असे शब्द नातवानं घोटून घेतले. मग कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ आला आणि काही दिवसांत दहा लाख लोकांनी तो पाहिला. कारलं! घरातली पोरं ज्याचं नाव काढलं तरी ताट सारतात, ती भाजी. मला वाटतं यात एक उलगडा आहे. पनीरचे, केकचे व्हिडिओ हजारांनी पडलेत. कारल्याचा कडूपणा मोडायची नगरी रीत मात्र शोधणाऱ्याला कुठे मिळत नव्हती. आपल्या घरात अगदी रोजची असलेली गोष्ट दुसऱ्याच्या घरात नसते. ऑनलाइन काय दाखवू, असं विचारणाऱ्या प्रत्येकानं आधी स्वतःच्या फडताळात डोकवावं.

ऑक्टोबर २०२० मध्ये चॅनेल हॅक झालं. घरात सुतक पडल्यागत झालं असणार, पण काही दिवसांनी ते परत मिळालं. तेव्हा ज्यांचं ज्यांचं काम अशा खात्यावर आहे, त्यांनी पासवर्डखेरीज फोनवर येणारा दुसरा कोड आजच चालू करावा. दोन मिनिटांचं काम आहे.

दिव्याखाली पट्टे का दिसतात

रात्री ट्यूबलाइटखाली रांगोळीचा व्हिडिओ काढला आणि त्यावर काळसर पट्टे सरकताना दिसले, असा अनुभव पुष्कळांना येतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, मोबाइलच्या सेन्सरला कळतं. कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ सेटिंगमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे बहुधा गायब होतात.

आणि चकाकणाऱ्या चित्राचा फोटो काढताना दिवा समोर धरू नका. दोन सारखे दिवे, चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूला, ४५ अंशात. चमक बाजूला पडते आणि रंग जसा आहे तसा येतो. खोलीत एक पिवळा आणि एक पांढरा दिवा एकदम लावू नये. मोबाइल बिचारा कुठल्या पांढऱ्याला पांढरं म्हणावं या पेचात पडतो.

दिवाणखान्यात रंगवलेली चित्रं

अमेरिकेत बॉब रॉस नावाचा कुरळ्या केसांचा चित्रकार १९८३ ते १९९४ टीव्हीवर चित्र काढायला शिकवायचा. अर्ध्या तासात डोंगर, झाडं, तळं तयार. असे ४०३ भाग झाले. बहुतेक भाग चित्रित झाले ते इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात, एका जुन्या राहत्या बंगल्याच्या दिवाणखान्यात. टीव्ही केंद्रच त्या घरात होतं!

लोकांना वाटायचं हा माणूस सुचेल तसं रंगवतोय. प्रत्यक्षात प्रत्येक चित्र तो साधारण तीनदा काढायचा. एक आधी, समोर बघायला. दुसरं कॅमेऱ्यापुढे. तिसरं नंतर सावकाश, पुस्तकात छापायला. व्हिडिओ करू पाहणाऱ्यांनी ही युक्ती उचलावी. कॅमेरा सुरू असताना हात पहिल्यांदा चालत असेल, तर तो अडखळतो आणि बघणारा पुढे सरकतो.

एका स्टुडिओची राख

चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे हे नगरचे. त्यांनी मुंबई-पुण्याला बिऱ्हाड न हलवता नगरलाच राहून नाव कमावलं. २०१८ मध्ये त्यांच्या स्टुडिओला आग लागली आणि कैक वर्षांचं काम जळून गेलं. शिल्पकाराचं नुकसान दुहेरी असतं. मूर्ती जाते आणि ज्यातून ती पुन्हा ओतता आली असती तो साचाही जातो. ते पुन्हा कामाला लागले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या कामाची नोंद आपल्यापाशी असणं ही म्हणूनच चैन नव्हे. प्रत्येक चित्राचा, प्रत्येक मूर्तीचा चांगला फोटो काढावा. मूर्तीचे चारी बाजूंनी. मागे तारीख, माप, कोणता रंग, कोणती माती. आणि ते फोटो दोन ठिकाणी असावेत: एक घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरा घराबाहेर किंवा क्लाउडवर. ऑनलाइन टाकलेलं चित्र हे राखीव प्रत म्हणून धरू नका. तिथे गेल्यावर ते लहान होऊन बसतं, छपाईच्या कामाचं राहत नाही.

‘माझं चित्र’ नक्की कुणाचं?

चित्र पुरं झालं त्या क्षणी त्याचा कॉपीराइट तुमचा होतो. नोंदणी केली नाही तरी. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे आज विशीत काढलेल्या चित्रावर नातवंडांचाही हक्क राहू शकतो.

पण याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक मेख आहे आणि घरून ऑर्डरी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून स्वतःचं किंवा आईवडिलांचं पोर्ट्रेट काढून घेतलं, किंवा फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा ठरतो. तुम्ही काढलेलं चित्र, पण त्याची छापील कॅलेंडरं काढायचा हक्क त्याचा. तेच चित्र तुम्ही आपल्या पेजवर मिरवलं आणि त्यानं हरकत घेतली, तर पंचाईत तुमची. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून त्यांचं ‘हो’ घ्यावं: चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील आणि फोटो ऑनलाइन दाखवायला परवानगी आहे. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर संकोच वाटतो, पण घ्यावंच. त्याला चित्र नळीत गुंडाळून पाठवणार असाल, तर रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात.